टू-स्टेप व्हेरिफिकेशन: आधी कागद-पेन घ्या, मग फोन

चांदोबाचा लिंब इथं माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण झालं, आणि त्या गर्दीतून बाहेर पडून तरडगावला पोचेपर्यंत आमच्या मामांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन गेलेला होता. पडला की कुणी काढला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दिंडीतल्या एकाच्या फोनवरून त्यांनी मला फोन केला. फोनच्या किमतीबद्दल एक शब्द नाही. "आधी माझं जीमेल बघ," म्हणाले. सातबाराचे उतारे, मामींच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, नातीचे बारशापासूनचे फोटो, सगळं त्या एका खात्यात होतं.

पासवर्ड त्यांना पाठ होता. पण त्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन मीच चालू करून दिलं होतं. त्यामुळे पासवर्ड टाकल्यावर गूगलनं दुसरा पुरावा मागितला, आणि तो पुरावा द्यायला हवा होता हरवलेला फोन. दुसऱ्या दिवशी मामांनी फलटणला जाऊन त्याच नंबरचं नवं सिम काढलं आणि दुसऱ्याच्या जुन्या फोनमध्ये घातलं. तरी कोड येईना. आपल्याकडे सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. चोरानं तुमच्या नावानं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत, म्हणून दूरसंचार विभागानं २०२२ साली केलेला हा नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण त्या दिवशी तो आमच्याच आड आला.

फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड होते का? होते. मी त्यांचा स्क्रीनशॉट काढला होता आणि तो मामांच्याच फोनच्या गॅलरीत होता.

तिसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाले, खातं उघडलं, आत सगळं जागेवर होतं. पण मधल्या काळात तो फोन ज्याच्या हाती लागला तो त्यात काय करतोय, हे आम्हाला बघता येत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. ही चूक माझी होती. कुलूप लावलं आणि दुसरी किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवली. म्हणून या लेखाचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. फोन हरवेल त्या दिवसाची तयारी आधी, बटण दाबणं नंतर.

मुळात हे काय आहे

पासवर्ड म्हणजे तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. ती दुसऱ्यालाही माहीत होऊ शकते. मागून कुणी बघतं, बनावट पानावर आपणच टाइप करतो, किंवा एखाद्या खरेदीच्या साइटवरून लाखो लोकांचे पासवर्ड एकदम चोरीला जातात आणि आपण तोच पासवर्ड ईमेललाही ठेवलेला असतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये पासवर्डनंतर आणखी एक गोष्ट लागते, जी तुमच्याजवळ असते: तुमचा फोन, त्यावर आलेला कोड, कागदावरचा आकडा. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसलेल्या माणसाकडे तुमचा पासवर्ड असला तरी ही दुसरी गोष्ट त्याच्याकडे नसते.

आपल्याला ही पद्धत नवी नाही. रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना जास्तीची पडताळणी सक्तीची केली, आणि तेव्हापासून आपण जास्तीचा पासवर्ड किंवा ओटीपी टाकत आलो आहोत. बँकेच्या बाबतीत बँकच ते करून घेते. ईमेलच्या बाबतीत मात्र अजूनही बहुतेकांनी ते स्वतःहून करायचं असतं.

सुरुवात ईमेलपासूनच करा. इन्स्टाग्राम, खरेदीची ॲप्स, रेल्वेचं तिकीट खातं, विजेच्या बिलाचं खातं, यातल्या कुठल्याही ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की दुवा बहुधा ईमेलवर येतो. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात बाकी सगळं. आपल्याकडे बहुतेकांचं ईमेल जीमेल आहे आणि अँड्रॉइड फोनही त्याच खात्यावर चालतो, म्हणून पुढचे टप्पे गूगल खात्याचे सांगते.

बटण दाबण्याआधी

चार गोष्टी आधी तपासा. वीस मिनिटांचं काम आहे. घाईच्या दिवशी करू नका, प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री तर नाहीच.

पहिली, पासवर्ड. तो दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी वापरलेला नसावा. वापरला असेल तर आधी बदला. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहिले तर लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड होतो. मुलाचं नाव आणि जन्मसाल मात्र नको.

दुसरी, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर. तो आज चालू आहे का? तुमच्याच नावावर आहे का? खूप जणांच्या खात्याला आठ-दहा वर्षांपूर्वीचा, कधीच सोडून दिलेला नंबर जोडलेला असतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमचा कोड उद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल. तुमच्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. एकदा जरूर बघा.

तिसरी, रिकव्हरी ईमेल, म्हणजे पर्यायी ईमेल पत्ता. तो घरातल्या विश्वासातल्या माणसाचा किंवा तुमचाच दुसरा असावा, आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला खरोखर आठवत असावा.

चौथी, कागद. वहीचं साधं पान चालेल. त्यावर आज काय लिहायचं ते पुढे येतंच.

दुसरा टप्पा कोणता निवडायचा

इथं थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळे पर्याय सारखे मजबूत नाहीत.

एसएमएसनं येणारा कोड सगळ्यांना कळतो, साध्या फोनवरही येतो. त्याची अडचण अशी की तो तुमच्या फोनवर येत नाही, तुमच्या नंबरवर येतो. नंबर दुसऱ्या सिमवर वळवला की कोडही तिकडे जातात. कंपनीच्या माणसाला फसवून किंवा खोटी कागदपत्रं दाखवून असं सिम काढतात, त्याला सिम स्वॅप म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच ट्विटर खात्यावरून भलतेसलते संदेश गेले, ते त्यांचा नंबर असा पळवल्यामुळे. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वर सांगितलेली २४ तासांची एसएमएस बंदीही आहेच. धोका कमी झाला आहे, संपलेला नाही.

म्हणून एसएमएस वाईट आहे का? अजिबात नाही. गूगलनं २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन डिएगो इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एसएमएस कोडनं यंत्रांकडून होणारे आपोआप हल्ले १०० टक्के, एकगठ्ठा फसव्या ईमेलचे हल्ले ९६ टक्के आणि एखाद्याच माणसाला नेमून केलेले हल्ले ७६ टक्के रोखले. फोनवर 'तुम्हीच आहात का?' असं विचारणाऱ्या सूचनेसाठी हेच आकडे १००, ९९ आणि ९० होते. तुमच्या आईच्या फोनवर फक्त एसएमएस जमत असेल, तर एसएमएस चालू करा. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी पटींनी बरं.

फोनवरची सूचना, म्हणजे गूगल प्रॉम्प्ट, बहुतेकांना सोयीची पडते. नवीन ठिकाणी लॉगिन केलं की फोनवर प्रश्न येतो, 'हो' दाबलं की झालं. कधी कधी कॉम्प्युटरवर एक आकडा दिसतो आणि फोनवर तोच निवडायचा असतो. इंटरनेट मात्र चालू हवं.

ऑथेंटिकेटर ॲप हा माझ्या मते मधला चांगला मार्ग आहे. त्यात दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दिसतो. सिम नको, रेंज नको, इंटरनेट नको. हे कसं होतं, असं मामांनी मला विचारलं होतं. सुरुवातीला तुम्ही जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली तुमच्या फोनमध्ये आणि गूगलकडे, दोन्हीकडे राहते. दोघंही त्या किल्लीत त्या क्षणाची वेळ मिसळून एकच गणित करतात, म्हणून उत्तर एकच येतं. एकाच पंचांगावरून दोन गावांत एकच तिथी निघावी तसं. ही पद्धत २०११ पासून खुलं प्रमाणक, म्हणजे कुठल्याही कंपनीला वापरता येईल असा ठरलेला नमुना आहे, म्हणून एकाच ॲपमध्ये गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, सगळ्यांचे कोड ठेवता येतात. वेळेवरच गणित असल्यामुळे फोनचं घड्याळ चुकलं की कोडही चुकतो. तारीख-वेळ कायम 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. 'कोड चुकीचा आहे' अशी तक्रार घेऊन माझ्याकडे जे येतात, त्यांचं आधी मी घड्याळ बघते.

पासकी हा सगळ्यात नवा पर्याय. गूगलनं तो मे २०२३ मध्ये सर्वांना दिला. फोन उघडायला जो अंगठा, चेहरा किंवा पिन वापरता, त्यानंच खात्यात शिरता. याची मोठी ताकद अशी की पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर आपण फसून सहा आकडी कोड टाइप करू शकतो, पासकी मात्र तिथं चालतच नाही. तुमचा फोन फार जुना नसेल तर ही नक्की करा. एक पथ्य आहे: तो फोन फक्त तुमच्याच बोटानं उघडत असला पाहिजे. घरातल्या चौघांची बोटं नोंदवलेल्या फोनवर पासकी करू नका.

यूएसबीला लावायची छोटी सिक्युरिटी की मिळते, तीही फार भक्कम आहे. पत्रकार, वकील, संस्थेचे हिशेब सांभाळणारे यांनी तिचा विचार करावा. घरगुती वापराला तिची गरज पडत नाही.

माझा सल्ला असा: प्रॉम्प्ट किंवा पासकी रोजच्यासाठी, ऑथेंटिकेटर जोडीला, आणि कागदावरचे कोड अडीअडचणीला.

आता प्रत्यक्ष चालू करू

मेनूतली नावं गूगल अधूनमधून थोडी बदलतं, आणि बहुतेकांचा फोन इंग्रजीत असतो, म्हणून इंग्रजी नावंच मराठी अक्षरांत देते.

१. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज उघडा, खाली 'गूगल' वर जा, मग 'मॅनेज युअर गूगल अकाउंट'. आयफोनवर जीमेल ॲपमध्ये उजवीकडे वर आपल्या गोल फोटोवर दाबलं की हाच पर्याय येतो. कॉम्प्युटरवर मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता स्वतः टाइप करा. कुणी पाठवलेल्या लिंकवरून इथं येऊ नका.

२. वरच्या पट्टीत 'सिक्युरिटी' शब्द असलेला विभाग निवडा. त्यात गूगलमध्ये साइन-इन कसं करता, या भागात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' दिसेल. पासवर्ड पुन्हा विचारला जाईल.

३. 'टर्न ऑन' दाबा. खात्याला नंबर जोडलेला नसेल तर तो मागेल. द्या, आणि आलेला कोड टाका. गूगलचा कोड बहुधा इंग्रजी 'जी' अक्षर आणि पुढे सहा आकडे असा येतो.

४. चालू झाल्यावर त्याच पानावर इतर पर्यायांची यादी असते. इथंच घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबरही जोडा, शक्यतो एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा. तुमचा फोन गेला तर कोड तिकडे मागवता येतो.

५. 'ऑथेंटिकेटर' निवडा. ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या आणि बनवणाऱ्याचं नाव नीट वाचून घ्या, कारण याच नावाशी मिळतीजुळती ॲप्स भरपूर आहेत. पडद्यावरचा क्यूआर कोड ॲपमधल्या अधिकच्या चिन्हावर दाबून स्कॅन करा, मग ॲपमध्ये दिसणारा सहा आकडी कोड परत गूगलच्या पानावर टाका. तो टाकून 'व्हेरिफाय' दाबेपर्यंत काम पूर्ण होत नाही. बरेच जण स्कॅन करून पान बंद करतात.

६. 'बॅकअप कोड्स' उघडा आणि कागद समोर घ्या.

कागदावरचे दहा कोड

गूगल दहा कोड देतं, प्रत्येकी आठ आकड्यांचा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना पूर्ण रद्द होतो. फोन नसताना, सिम बंद असताना, परदेशात रोमिंग नसताना खात्यात शिरायचा हा सर्वांत भरवशाचा रस्ता आहे. आणि लोक याच पायरीला 'नंतर करू' म्हणून पुढे जातात.

प्रिंट काढायचा पर्याय असतो. घरी प्रिंटर असेल तर काढा. नसेल तर कृपा करून ती फाइल झेरॉक्सच्या दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवू नका. आधार कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं आपण तसंच छापून आणतो, पण हे कोड म्हणजे घराची किल्ली आहे, आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती फाइल महिनोन्महिने पडून राहते. हातानं लिहा. ऐंशी आकडे आहेत, पाच मिनिटं लागतात.

लिहिताना एक फार बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एकतर सगळे आकडे मराठी लिहा किंवा सगळे इंग्रजी. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. सवयीनं सरमिसळ होते. मामांच्या वहीत नंतर मी हे प्रत्यक्ष पाहिलं, एका कोडमध्ये पहिला आकडा एक की नऊ ते त्यांनाही सांगता येईना. लिहून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्यावर ताडून बघा.

कागदावर खात्याचा पूर्ण पत्ता आणि पासवर्ड लिहू नका. वर फक्त तुम्हाला कळेल अशी खूण आणि तारीख पुरे. कागद कुठं ठेवायचा? कपाटात जिथं रेशन कार्ड, विम्याची कागदपत्रं असतात तिथं, पाकिटात घालून. दुसरी प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा भावाकडे. फोनच्या कव्हरच्या आत नको. पैशाच्या पाकिटातही नको, कारण फोन आणि पाकीट बऱ्याचदा एकदमच जातात. आणि गॅलरीत तर नकोच नको.

असाच गुंता ऑथेंटिकेटरमध्येही होऊ शकतो. एप्रिल २०२३ पासून गूगलचं ऑथेंटिकेटर आपले कोड गूगल खात्यात जपून ठेवू शकतं. फोन बदलताना त्याचा मोठा आधार होतो. पण ज्या गूगल खात्यात शिरायला कोड हवा, तो कोड त्याच खात्यात ठेवलेला असेल तर बाहेर उभं राहून त्याचा उपयोग नाही. इतर खात्यांसाठी ही सोय जरूर वापरा. गूगल खात्यासाठी कागदच खरा.

फोन विकताना किंवा बदलताना जुना फोन लगेच पुसू नका. आधी ऑथेंटिकेटरमधल्या 'ट्रान्स्फर अकाउंट्स'मधून कोड नव्या फोनवर घ्या, नव्या फोनवरच्या कोडनं एकदा लॉगिन करून बघा, आणि मगच जुना फोन रिकामा करा.

व्हॉट्सॲपचा पिन

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं आहे. तिथं पासवर्ड नसतो, नंबर आणि त्यावर आलेला सहा आकडी कोड एवढ्यावर खातं चालू होतं. तो एक कोड कुणाला सांगितला की खातं गेलं. म्हणून तिथला दुसरा टप्पा म्हणजे तुम्ही स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, टर्न ऑन. पिन दोनदा टाका, मग ईमेल पत्ता द्या आणि तो पक्का करून घ्या. ईमेल दिला नाही आणि पिन विसरला, तर तो नव्यानं ठरवायला सात दिवस थांबावं लागू शकतं.

सहा आकडे म्हटलं की आपल्याला लगेच गावाचा पिनकोड सुचतो, किंवा जन्मतारीख. दोन्ही टाळा. तुम्हाला ओळखणारा कुणीही ते आधी टाकून बघेल.

फसवणूक कशी होते तेही सांगते. भिशीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपमधल्या ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून मेसेज येतो: 'माझा एक कोड चुकून तुमच्याकडे आलाय, तेवढा पाठवता का?' त्या बाईंचं खातं आधीच पळवलेलं असतं, आणि तुमच्याकडे आलेला कोड तुमच्याच खात्याचा असतो. नंबर ओळखीचा, म्हणून आपण पाठवून मोकळे होतो. असं आलं तर त्या माणसाला साधा फोन लावा आणि आवाज ऐका. तसंच कुरिअर अडकलंय असं सांगून कुणी चांदणी किंवा चौकोनाच्या चिन्हानं सुरू होणारा नंबर डायल करायला लावत असेल, तर करू नका. त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात, आणि व्हॉट्सॲपचा कोड कॉलवरूनही सांगितला जातो.

गूगलच्या बाबतीत हाच प्रकार 'हो, मीच आहे' या बटणानं होतो. तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर प्रश्न आला, तर 'नाही' दाबा आणि त्याच दिवशी पासवर्ड बदला, कारण कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे असाच त्याचा अर्थ. रात्री दहा वेळा प्रश्न आला तरी कंटाळून 'हो' दाबू नका.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'पासवर्ड अँड सिक्युरिटी' खाली 'टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन' आहे. ऑथेंटिकेटर निवडा, तिथलेही रिकव्हरी कोड त्याच कागदावर लिहा. ॲपलच्या खात्यात आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबून 'साइन-इन अँड सिक्युरिटी'त ते असतं, आणि हल्लीच्या खात्यांना बहुधा आधीच चालू असतं.

आईवडिलांचं खातं, दूरची मुलं

न्यू जर्सीतला मुलगा सुट्टीत सांगलीला येतो, आईबाबांच्या खात्याला स्वतःचा अमेरिकेतला नंबर जोडतो आणि निश्चिंत होतो. प्रेमापोटीच करतो. पण सांगलीत सकाळचे अकरा वाजलेले असतात, बाबा महा ई-सेवा केंद्रात उभे असतात, कोड जातो न्यू जर्सीला, आणि तिथं मध्यरात्र. मुलाचा नंबर जादाचा म्हणून राहू द्या, पहिला नंबर त्यांचाच ठेवा, आणि कोडचा कागद त्यांच्याच कपाटात.

उलटंही होतं. परदेशी गेल्यावर भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये पडून राहतं. ९० दिवस त्यावर काहीच वापर नसेल तर ते बंद होऊ शकतं, आणि मग भारतातल्या खात्यांचे कोड कुठंच येत नाहीत. जाण्याआधीच जिथं शक्य आहे तिथं ऑथेंटिकेटर लावून घ्या. बँकेसाठी तो नंबर लागणारच, म्हणून त्याचा रिचार्ज घरच्या कुणावर तरी सोपवा.

ई-सेवा केंद्रात, ऑफिसात, मित्राच्या लॅपटॉपवर लॉगिन करताना 'या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नका' या चौकटीत टिक नको. घरच्या कॉम्प्युटरवर चालेल.

फोन गेलाच तर

आधी दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करा. मग घरच्या कुणाला तरी कपाटातला कागद काढून एक कोड वाचायला सांगा. लॉगिन करताना गूगल दुसरा पुरावा मागेल तिथं 'ट्राय अनदर वे' दाबा, बॅकअप कोडचा पर्याय निवडा, तो टाका. आत गेल्यावर सिक्युरिटी विभागातच 'युअर डिव्हायसेस'मध्ये हरवलेला फोन शोधून तिथून साइन-आउट करा. पासवर्ड बदला. फोनमध्ये यूपीआय असेल तर बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावरही नोंदवता येते. पोलिसांत हरवल्याची नोंद केली की संचार साथीवरून तो हँडसेटच देशभर बंद करता येतो.

हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. म्हणून आजच, सगळं लावून झाल्यावर, एक तालीम करा. आपला फोन शेजारच्या खोलीत ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझरची खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडा आणि फक्त कागद हातात घेऊन आपल्या खात्यात शिरा. मामांनी पुढच्या वारीला निघायच्या आधी ओसरीवर बसून हे केलं. पहिल्या वेळी एक आकडा चुकला, दुसऱ्या वेळी खातं उघडलं. मग त्यांनी तो वापरलेला कोड पेनानं खोडला, बाजूला तारीख घातली, आणि उरलेले नऊ मामींच्या हातात दिले.